पत्रा म्हणून फायबर : जुन्या फियाटच्या डॅशबोर्डमधली फसवणूक

जुन्या फियाटचा, अँबेसिडरचा किंवा जीपचा पत्र्याचा डॅशबोर्ड कुणाला दुरुस्तीला देणार असाल, तर आधी हे वाचा. माझे ८५ हजार रुपये यात गेले. त्याहून जास्त लागलं ते हे, की वडिलांनी जिवापाड जपलेल्या गाडीत एकाने पत्र्याच्या नावाखाली फायबर आणि लांबी (पुट्टी) भरून दिली. वरून रंग इतका सुरेख मारला होता, की चांगल्या जाणकारालाही नुसतं बघून काही कळलं नसतं.

गाडी १९६८ची फियाट ११०० डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. आधीची गोलमटोल ती डुक्कर फियाट, तिच्यानंतर हे चौकोनी मॉडेल आलं. त्याचंच पुढे १९७२मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४मध्ये प्रीमियर पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला गिअर, आणि समोर बॉडीच्याच रंगाचा सबंध पत्र्याचा डॅशबोर्ड. या गाडीत बसल्यावर डोळ्यांसमोर सतत असतो तो हाच भाग.

ऐंशीच्या दशकात कॅसेट प्लेअर बसवण्यासाठी एका इलेक्ट्रिशियनने त्यात छिन्नीने खिडकी पाडली होती. त्या काळात हजारो फियाटींचं हे झालं आहे. प्लेअर केव्हाच निघाला. उरलं ते साधारण १८ सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच भोक, दोन कोपऱ्यांत चिरलेला पत्रा आणि कडेने धरलेला गंज. काचेचं रबर जुनं झाल्यामुळे पावसाचं पाणी आत उतरायचं, त्याने गंज वाढत गेला. भोकाच्या डावीकडे, चार बोटांवर, आणखी दोन बारीक भोकं होती. वडिलांनी उन्हाळ्यासाठी छोटा पंखा बसवला होता, त्याच्या स्क्रूंची. ही दोन भोकं लक्षात ठेवा.

हे काम सोपं का नाही, ते आधी सांगतो, कारण फसवणुकीला जागा तिथेच मिळते. आमच्या गाडीत डॅशबोर्डचा मुख्य पत्रा काचेच्या खालच्या पट्टीला आणि दोन्ही बाजूंच्या खांबांना वेल्ड केलेला आहे. चार स्क्रू काढले, जुना उतरवला, नवा चढवला, असं होत नाही. दोनच मार्ग उरतात : त्याच जाडीचा नवा पत्रा घडवून भोकात वेल्ड करायचा, नाहीतर भंगारात निघालेल्या गाडीच्या डॅशबोर्डमधून तेवढाच तुकडा कापून आणायचा. दुसरा मार्ग ऐकायला जास्त चांगला वाटतो, कारण आकार आणि वळणं कारखान्याचीच मिळतात. पण तशा गाड्या आता राहिल्या कुठे? मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर २०२३मध्ये तीही रस्त्यावरून गेली. भंगारवाल्यांकडचा माल त्याच्या कितीतरी आधी संपत आला होता. त्यामुळे ‘ओरिजिनल कटपीस आहे’ म्हणणाऱ्याला आज तोंडाला येईल तो भाव मिळतो, आणि रंग लागल्यावर तो तुकडा खरंच बसवला की नाही हे बघायला कुणी जात नाही.

पुण्याजवळच्या एका वर्कशॉपचं नाव मला दोन-तीन जुन्या गाडीवाल्यांनी सुचवलं. नाव इथे लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. मालक तरुण, बोलायला गोड. जागेवर दोन चकाचक अँबेसिडर आणि एक बीटल उभी. “काका, पद्मिनीचा ओरिजिनल कटपीस आहे माझ्याकडे, अगदी नवा कोरा. जुना भाग कापून हाच वेल्ड करतो. दहा वर्षं बघायला नको.” मी विचारलं, फायबर तर नाही ना लावणार? त्यावर त्याने व्हॉट्सॲपवर लेखी दिलं : “काका फायबर नाही, प्युअर पत्रा.” हिशेब असा ठरला : कटपीसचे १८ हजार, कापणं-वेल्डिंग-घासणं ३० हजार, वायरिंग आणि मीटर काढून परत बसवण्याचे १२ हजार, रंगाचे २५ हजार. ४० हजार आगाऊ दिले.

काम चालू असताना मी फोटो मागत होतो आणि ते वेळच्या वेळी येतही होते. कापलेला पत्रा, टॅक (वेल्डचा ठिपका) मारलेला तुकडा, ठिणग्या, घासलेला सांधा, मग राखाडी प्रायमर. ज्यांना वाटतं की फोटो मागितले म्हणजे आपण सुरक्षित, त्यांनी इथे थांबून विचार करावा. प्रत्येक फोटो जवळून काढलेला. ना स्टिअरिंग दिसत होतं, ना काचेची चौकट, ना नंबर. आणि उघड्या पत्र्याच्या फोटोत पंख्याची ती दोन भोकं नव्हती. मी विचारलं तर उत्तर आलं, “ती आधीच बुजवली काका.” भोक वेल्डने बुजवलं तर उघड्या पत्र्यावर तिथे निळसर करपलेला ठिपका किंवा घासल्याची गोल खूण राहते. फोटोतला पत्रा तिथे कोरा होता. ते फोटो दुसऱ्याच गाडीचे होते, हे आज ठामपणे सांगू शकतो, कारण माझ्या गाडीतल्या त्या जागेवर नंतर जे निघालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

गाडी ताब्यात आली तेव्हा डॅशबोर्ड आरशासारखा होता. बिलावर मात्र ‘डॅशबोर्ड वर्क, लमसम’ एवढाच उल्लेख. सविस्तर बिल मागितलं तर ‘अकाउंटंट पाठवेल’. ते कधीच आलं नाही. जुनी फियाटची खूण असलेली ॲशट्रे जाऊन तिथे नक्कल आली होती. कापलेला जुना पत्रा मागितला, तर तो भंगारात गेला म्हणाले.

पहिली शंका दिव्याने दाखवली. वडिलांनी पूर्वी बसवलेलं एक जादा मीटर त्या दुरुस्त केलेल्या भागावर परत लावून दिलं होतं. त्याचा बारीक दिवा लागेना. बल्ब बदलून झाला, वायर तपासून झाली. आमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने मीटरच्या पत्तीपासून बॉडीपर्यंत एक सुटी वायर धरली आणि दिवा लगेच लागला. म्हणजे अर्थिंग, बॉडीतून जाणारी विजेची परतीची वाट, मिळत नव्हतं. अशा मीटरच्या दिव्याला अर्थिंग डॅशबोर्डच्या पत्र्यातूनच मिळतं. पत्रा वेल्ड केलेला असेल तर ते तुटायचं कारणच नाही.

वर्कशॉपला फोन केला. “रंगाचा थर मध्ये आलाय काका, स्क्रूखाली थोडं घासून घ्या.” ऐकायला पटणारं उत्तर, आणि एखाद्या गाडीत तसं खरंही असू शकतं. म्हणून घासून बघितलं. रंगाखाली चकाकता पत्रा दिसायला हवा होता, दिसला तो पिवळसर, केसाळ थर.

उन्हाळा सरून पहिला पाऊस झाला आणि जुन्या भोकाचा अख्खा चौकोन रंगावर उमटून आला. चारी बाजूंना केसासारखी रेघ, खालच्या कोपऱ्यात फुगा. काचेखालचा हा भाग उन्हात भाजून निघतो. पत्रा आणि फायबर सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे सांधा उघडा पडतोच. त्यातून गंज नीट न काढता त्यावर फायबरचं रेझिन ओतलं तर ते पत्र्याला धरतच नाही, मागून ओल शिरते.

कोल्हापूरला एक वयस्कर डेंटर आहेत, हयात पत्र्यात गेलेले. त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक काढलं आणि डॅशबोर्डवरून डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवलं. ग्लोव्ह बॉक्सपाशी घट्ट धरत होतं. रेघेजवळ आलं तशी पकड सैल झाली, आणि रेघ ओलांडताच रुमालासकट खाली पडलं. “साहेब, हितं पत्राच न्हाई,” एवढंच म्हणाले. मग उताणे झोपून बॅटरीच्या उजेडात खालून बघितलं आणि मलाही बघायला लावलं. मागे ॲल्युमिनियमची पातळ पट्टी, ओळीने पॉप रिबिटं, रिबिटांभोवती पांढरी भुकटी. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटून ओलीत राहिले की ॲल्युमिनियम असं झडतं. जुनी गंजलेली कड जशीच्या तशी होती, तिला प्रायमरसुद्धा लावला नव्हता. पंख्याची दोन भोकंही मागून तशीच उघडी, फक्त पुढून लांबीने लिंपलेली. कटपीस नाही, वेल्डिंगचा एक टॅक नाही. ४८ हजार रुपये ज्या दोन कामांसाठी घेतले, ती दोन्ही कामं झालीच नव्हती.

वर्कशॉपच्या मालकाला हे फोटो पाठवले. आधी म्हणाला, दुसऱ्याने उघडलं म्हणजे वॉरंटी गेली. मग म्हणाला, क्लासिक गाड्यांत सगळे असंच करतात. शेवटी फोन उचलणंच बंद केलं. ‘सगळे असंच करतात’ हे धादांत खोटं आहे. ज्या मिस्त्रींनी नंतर माझं काम केलं, त्यांनी ते कसं केलं हे मुद्दाम सविस्तर लिहितो, म्हणजे तुमच्या गाडीत काय व्हायला हवं हे तुम्हाला कळेल.

बॅटरीची वायर काढून, वायरिंग आणि मीटर सोडवून त्यांनी फायबर खरवडून काढलं. गंजका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापला, त्यामुळे भोक आधीपेक्षा मोठं झालं आणि कडा सरळ झाल्या. पुठ्ठ्याचा साचा काढला. २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घेतला, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, जुन्याशी जुळणारा. डॅशबोर्डला वरच्या बाजूने जी हलकी गोलाई आहे ती पाइपवर दाबून दाबून आणली. अर्धा दिवस त्यातच गेला आणि तो अर्धा दिवस बघण्यासारखा होता. तुकडा भोकात असा बसला की सांध्यात नख जाईना. मग मिग वेल्डिंगने एक टॅक या कोपऱ्यात, एक समोरच्या कोपऱ्यात, मध्ये गार होऊ द्यायचं, परत दुसरीकडे. सलग वेल्ड मारली तर पातळ पत्रा तापून लाटा धरतो, मग त्या लपवायला लांबीचे थर चढतात. मागून डॉली (लोखंडी ठोकळा) धरून हातोडीने सांधा बसवला, ग्राइंडरने घासला. पंख्याची भोकंही वेल्डने बुजवली. उघड्या पत्र्यावर दोन निळसर ठिपके दिसले, जे त्या फोटोंत दिसायला हवे होते. लांबी लागली ती कागदाइतकी. एपॉक्सी प्रायमर पुढून आणि मागूनही. काचेचं रबर नवीन टाकल्याशिवाय रंगाला हात लावणार नाही, असं त्यांनी निक्षून सांगितलं. रंगासकट सगळ्याचे ३२ हजार झाले.

पत्र्याचा आग्रह निव्वळ हौसेपोटी धरायचा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१मध्ये व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी त्यात बसते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २० हजार. अशी गाडी तपासायला देताना डॅशबोर्डमध्ये रिबिट मारलेलं फायबर असावं, असं कुणाला वाटेल?

काम देताना माझं एकच कळकळीचं सांगणं आहे : उघडा पत्रा पुढून आणि मागून स्वतः बघितल्याशिवाय प्रायमर लावू देऊ नका, आणि रंगाचे पैसे त्यानंतरच द्या. ‘आधी रंग फायनल करू’ अशी घाई करणाऱ्यापासून सावध राहा. फोटो हवेत ते गाडीचा नंबर किंवा ओळखीची खूण एकाच चौकटीत येईल असे. व्हिडिओ कॉलवर चुंबक फिरवून दाखवायला सांगा. कापलेला जुना पत्रा परत हवा, हे आधीच लेखी ठरवा. कटपीस आणणार असतील तर कापण्याआधी तो हातात घेऊन बघा, मागच्या बाजूला कारखान्याच्या वेल्डिंगचे ठिपके आणि जुना रंग असतो. बिलावर ‘लमसम’ चालवून घेऊ नका. पत्रा, जाडी, वेल्डिंग हे शब्द तिथे असलेच पाहिजेत.

फसवले गेला असाल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवा, नोटीस पाठवा, आणि तरी दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला फी नाही, ऑनलाइन दाखल करता येते आणि वकील असलाच पाहिजे असं नाही.

माझी तक्रार दाखल झाली आहे. वर्कशॉपने लेखी जबाबात म्हटलंय की फायबरचं काम ग्राहकाच्या संमतीने केलं. त्याला उत्तर म्हणून मी त्यांचाच तो मेसेज जोडला आहे. मिस्त्रींनी काढलेला तुकडा, रिबिटं आणि ॲल्युमिनियमची पट्टी तशीच बांधून ठेवली आहे, काढतानाचा सलग व्हिडिओही आहे. तुमच्या गाडीतही असं काही निघालं, तर काढलेला माल फेकू नका, उघडतानाचा व्हिडिओ नंबर प्लेटपासून सुरू करा, आणि ज्याने उघडलं त्या मिस्त्रीकडून काय निघालं हे त्याच दिवशी सही-तारखेसह लिहून घ्या.