रायफलची नळी स्वच्छ करताना: अमोनियाचे सॉल्व्हंट की अमोनियाविरहित?

ठाणे, नवी मुंबई आणि पनवेलच्या परिसरात ज्यांनी नुकतीच स्वतःची रायफल घेतली आहे, त्यांच्यापुढे नळी कशाने स्वच्छ करावी हा प्रश्न लवकरच उभा राहतो. अमोनियायुक्त सॉल्व्हंट (नळीतला मळ विरघळवणारा द्रव), अमोनियाविरहित द्रव, फेस आणि घासण्याची पेस्ट या चारही प्रकारांच्या वेष्टनांवर जवळपास सारखेच दावे असतात, पण त्यांची कामे सारखी नाहीत. म्हणून किंमत आणि नाव पाहण्याआधी आपल्या नळीतून जाणारी गोळी कशाची आहे, हे निश्चित करावे. निम्मा निर्णय तिथेच होतो.

दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये दारू जळत नाही आणि छरा शिशाचा असतो. तिथे नळीतून ढकलायचे फेल्टचे बोळे किंवा कोरडा पॅच (कापडाचा छोटा तुकडा) पुरतो आणि तीव्र सॉल्व्हंट आत झिरपल्यास सील खराब होण्याची भीती असते, त्यामुळे हा विषय तिच्यापुरता इथेच संपतो.

.२२ रायफलचे उत्तरही बहुतेकांना वाटते त्यापेक्षा सोपे आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे यांनी ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये मेण किंवा ग्रीस लावलेली शिशाची गोळी वापरतात. अमोनिया तांबे विरघळवतो. शिशावर त्याचा उपयोग नाही. .२२ च्या नळीत काजळी, मेण आणि थोडे शिसे साठते आणि चेंबरच्या (नळीत काडतूस बसण्याच्या जागेच्या) पुढच्या तोंडाशी काजळीचे कडक कडे तयार होते. त्यासाठी काजळी सैल करणारे साधे सॉल्व्हंट आणि ब्राँझचा ब्रश हवा. आपल्या भागातील क्लबांत शिकणारी बहुतेक मुले एअर रायफल आणि .२२ वरच सराव करतात. त्यांच्या पालकांनी अमोनियाची बाटली घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी तुलना सुरू होते ती .३०८ किंवा .३०-०६ सारख्या सेंटरफायर रायफलींपाशी, म्हणजे ज्यांच्या काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी आघात होतो त्या रायफलींपाशी. त्यांच्या गोळ्यांना जॅकेट, म्हणजे धातूचे बाहेरचे आवरण, असते आणि ते बहुधा सुमारे ९५ टक्के तांबे व ५ टक्के जस्त यांच्या मिश्रधातूचे असते. गोळी नळीच्या आतल्या आट्यांवरून (नागमोडी खाचांवरून) वेगाने जाताना या जॅकेटचा अतिशय पातळ थर नळीत घासून बसतो. त्यावर काजळी आणि काजळीवर पुन्हा तांबे असे थर चढत गेले की नेम विखुरू लागतो. अमोनिया हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने हे तांबे विरघळवतो आणि गडद निळे संयुग तयार करतो. ओला पॅच नळीतून काढून पांढऱ्या कागदावर ठेवला की कडेला आधी करडी काजळी दिसते आणि मग आट्यांच्या अंतरावर निळ्या-हिरव्या रेषा उमटतात. नळीत तांबे शिल्लक असल्याची ही खूण आहे, मात्र जॅग (रॉडच्या टोकाला लावायचा, पॅच धरणारा भाग) पितळी असेल किंवा ब्रश ब्राँझचा असेल तर त्यांचेच तांबे विरघळून पॅच निळा होतो आणि स्वच्छ नळी माणूस उगाच घासत बसतो. या कामासाठी नायलॉनचा ब्रश आणि निकेलचा मुलामा दिलेला जॅग घ्यावा. अमोनियाविरहित द्रवांपैकी काही निळा रंग देतात, काही देतच नाहीत; तेव्हा खरेदीपूर्वी सूचनापत्रक वाचणे आवश्यक आहे.

वेगाच्या बाबतीत अमोनिया आजही पुढे आहे. स्वीट्स ७.६२ या प्रसिद्ध ऑस्ट्रेलियन सॉल्व्हंटमध्ये सुमारे ५ टक्के अमोनिया असतो आणि ते नळीत पंधरा मिनिटांहून जास्त ठेवू नये, अशी निर्मात्याचीच सूचना आहे. १९०३ सालापासून चालत आलेल्या हॉपीज नंबर ९ मध्ये अमोनियाचे प्रमाण कमी असल्यामुळे ते काजळीवर चांगले चालते, पण तांब्यावर मंद. अमोनियाविरहित द्रव आणि फेस अमाइन वर्गातील किंवा तांब्याला पकडून ठेवणाऱ्या इतर रसायनांवर काम करतात. त्यांना अधिक वेळ आणि बहुधा अधिक फेऱ्या लागतात. पेस्टचे काम मात्र रासायनिक नसून घासण्याचे आहे. अनेक वर्षे न साफ केलेल्या नळीसाठी ती उपयोगी पडते, पण नवख्या हाताने ती थ्रोट (चेंबरपुढे आटे सुरू होतात ती जागा) आणि क्राऊन (नळीचे पुढचे तोंड) यांच्याजवळ वापरू नये.

अमोनियाने नळी खराब होते, ही समजूत जशीच्या तशी खरी नाही. सौम्य अमोनिया पोलादाला सहसा इजा करत नाही. धोका आहे तो द्रव आत वाळू देण्याचा. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन सैन्यात क्युप्रोनिकेल (तांबे-निकेल मिश्रधातू) जॅकेटचे चिवट थर काढण्यासाठी तीव्र अमोनियात अमोनियम परसल्फेट मिसळून नळी भरून ठेवत. ते मिश्रण आत वाळले तर नळी गंजत असे. आजची सॉल्व्हंटे तितकी उग्र नसली तरी त्यांत पाणी असते, आणि अमोनिया उडून गेल्यावर मागे राहणारा ओलावा खाडीकाठच्या हवेत जून ते सप्टेंबर या काळात सहज गंज आणतो. कोरड्या प्रदेशातील नेमबाज रात्रभर सॉल्व्हंट ठेवण्याचा सल्ला देत असेल, तर तो घोडबंदर रोडवर किंवा नेरुळमध्ये राहणाऱ्याने मानू नये.

घराचा विचार तर याहून महत्त्वाचा आहे. अमोनियाच्या वाफेने डोळे आणि घसा चुरचुरतो. अमेरिकेतील कामगारांच्या सुरक्षिततेवर व आरोग्यावर संशोधन करणाऱ्या एनआयओएसएच या संस्थेने कामाच्या ठिकाणी आठ-दहा तासांसाठी सुचवलेली सरासरी मर्यादा २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) आहे. पावसात खिडक्या लावून घेतलेल्या वन बीएचकेमध्ये, लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असताना, हे काम करणे योग्य नाही. बाथरूममध्ये तर मुळीच करू नये, कारण तिथे ब्लीच असते आणि ब्लीच व अमोनिया एकत्र आल्यास क्लोरामाइनची विषारी वाफ तयार होते. दोन वेगवेगळी सॉल्व्हंटेही एकापाठोपाठ वापरू नयेत. मधे पहिले पूर्ण पुसून काढावे. केमिकलच्या दुकानात मिळणारा सुमारे २५ टक्क्यांचा लायकर अमोनिया स्वस्त पडतो म्हणून पाणी घालून वापरण्याचा मोह होतो, पण त्याची वाफ आणि शिंतोडे डोळ्यांना कायमची इजा करू शकतात. वाचणाऱ्या पैशांपेक्षा हे नुकसान फार मोठे आहे.

काडतुसांचे कपाट वेगळे असावे, याला भारतातलाच आधार आहे. ब्रिटिश काळात पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांना तडे जात. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळात घडणीच्या वेळी राहिलेला ताण हे त्याचे कारण असल्याचे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. सैल झाकणाची अमोनियाची बाटली आणि काडतुसे एकाच बंद कपाटात ठेवणे म्हणजे तीच परिस्थिती घरात निर्माण करणे होय. शिवाय अशा बाटलीतला अमोनिया उडून जातो आणि सॉल्व्हंट निकामी होते.

तेव्हा सेंटरफायर रायफलसाठी माझी शिफारस अशी: नेहमीच्या स्वच्छतेला अमोनियाविरहित द्रव किंवा फेस निवडावा. जुनी, दुर्लक्षित नळी हाती आली किंवा नेहमीच्या पद्धतीने नेम सुधारत नसेल, तरच अमोनिया वापरावा आणि तोही रेंजवरच्या मोकळ्या हवेत. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढावा, बोअर गाईड (रॉड नळीत सरळ ठेवणारी नळकांडी) लावून रॉड चेंबरच्या बाजूने घालावा, हातात नायट्राइलचे मोजे असावेत. आधी काजळी काढावी, नाहीतर अमोनिया तांब्यापर्यंत पोहोचत नाही. सॉल्व्हंट छोट्या वाटीत काढून घ्यावे, ब्रश बाटलीत बुडवू नये, आणि लाकडी कुंद्यावर थेंब पडल्यास लगेच पुसावा, कारण त्याने पॉलिश उतरते. घड्याळ लावून दहा मिनिटांनी कोरडे पॅच घालावेत. निळे येणे थांबेपर्यंत पुन्हा तेच करावे. शेवटी नळी पूर्ण कोरडी करून तेलाचा पातळ हात द्यावा आणि पुढच्या सरावाच्या दिवशी पहिली गोळी झाडण्यापूर्वी ते तेल कोरड्या पॅचने काढून टाकावे.