विश्रामबागचा रेटिना दवाखाना: तीन तास बसवलं, तरी चार तारे

२०२१ ला उजव्या डोळ्यात मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, निघाला. हैदराबादला डोळ्याच्या पांढऱ्या कवचावर रुथेनियम-१०६ या किरणोत्सारी धातूची चकती शिवली; भाभा अणुसंशोधन केंद्रानं घडवलेली, देशी. तिचे बीटा कण काही मिलिमीटरच आत जातात, म्हणून गाठ जळली आणि डोळा जागेवर राहिला. आम्ही पेढे वाटले. नजर मात्र नंतर हप्त्याहप्त्यानं गेली. दोन वर्षांनी पडद्याच्या रक्तवाहिन्या झिरपायला लागल्या, पाठोपाठ मोतीबिंदू.

तासगावहून सांगलीला इंजेक्शनसाठी येतो ते तेव्हापासून. डॉक्टरबाई ओसीटीचा, म्हणजे पडद्याच्या थरांच्या स्कॅनचा, फोटो फिरवून दाखवतात, सूज कुठं ते बोटानं सांगतात. ‘काका, हे किरणांचं उशिरा येणारं बिल आहे, गाठ परत आलेली नाही,’ हे त्यांनीच पहिल्यांदा समजावलं. सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी झाली का, हेही न चुकता विचारतात, कारण हा आजार पसरला तर बहुधा तिथंच.

एक तारा कापला तो नंबरच्या घोळासाठी. दहाची वेळ, आत घेतलं एकला. बाहुली मोठी करायचे थेंब घालून उन्हात पार्किंगला धाडू नका हो! द्राक्षाचा घड कापताना आधीच अंदाज चुकतो माझा.