पॅटी स्मिथची 'हॉर्सेस' एलपी: रेकॉर्ड अप्रतिम, पॅकिंग रद्दी

ऑनलाइन मागवलेली अमेरिकन रॉक गायिका पॅटी स्मिथच्या 'हॉर्सेस' अल्बमची एलपी शेवटी एकदाची ग्वाल्हेरला, लश्कर भागात, घरी पोचली. आधी तक्रार सांगून टाकते, पॅकिंग अगदीच रद्दी, पातळ पुठ्ठ्यात घालून पाठवली त्यामुळे कव्हरचा कोपरा दुमडलाय, फोटो पाठवले तर दुकानवाल्यांचं उत्तर काय, तर रेकॉर्ड वाजतेय ना मग झालं. अहो पण कव्हरसाठीच तर घेतली! रॉबर्ट मॅपलथॉर्पने काढलेला ब्लॅक अँड व्हाइट फोटो, पांढरा शर्ट, काळा कोट खांद्यावर टाकलाय, नटणं-मुरडणं काही नाही, सरळ आपल्याकडे बघतेय. १९७५ साली रॉक गाणारी बाई अशी उभी राहिली होती. नाहीतर गाणी काय, मोबाइलवरही आहेत.

आवाज मात्र एकदम स्वच्छ, कुठे खरखर नाही. हा तिचा पहिलाच अल्बम, जॉन केलने प्रोड्यूस केलेला. त्यातलं 'बर्डलँड' हे गाणं नक्की ऐका, नऊ मिनिटांच्या वर आहे. आधी पियानो आणि ती चक्क बोलते, गोष्ट सांगावी तसं, मग बोलण्याचं गाणं कधी झालं कळतच नाही आणि आवाज चढत चढत कुठल्या कुठे जातो. माझी आई माधव संगीत महाविद्यालयात शिकलेली, तिला शब्द काही कळले नाहीत पण मेथी निवडता निवडता हात थांबला, म्हणाली, "अगं, ही तर बढत करतेय." बढत म्हणजे राग हळूहळू फुलवत नेणं. ग्वाल्हेरच्या गाण्यातल्या माणसाची याहून मोठी दाद नाही.

मग आईला सगळं सांगत बसले. १९७८ ला 'बिकॉज द नाइट' गाजलं, ते तिने ब्रूस स्प्रिंगस्टीनबरोबर लिहिलेलं, आणि पुढच्याच वर्षानंतर ही सगळं सोडून डेट्रॉइटकडे संसाराला लागली, दोन मुलं, मधे १९८८ ला एकच अल्बम. १९९४ मध्ये नवरा गेला. १९९६ ला 'गॉन अगेन' घेऊन परत आली. आईचं स्वतःचं गाणं लग्नानंतर सुटलं ते सुटलंच, त्यामुळे तिचा पहिला प्रश्न, "परत आली तेव्हा आवाज कसा होता गं?" मोबाइलवर लावून दिलं. आवाज जड झालाय, थकलेला पण वाटतो मधेमधे. आईने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली हाच जास्त आवडला.

रेकॉर्डला पाचपैकी पाच, दुकानाला दोन. 'गॉन अगेन'ची एलपी आता दुसरीकडून मागवणार, कोणाला चांगलं पॅकिंग करणारं दुकान माहीत असेल तर सांगा प्लीज.