अँटचं स्क्रिप्टडेफ: नऊ महिने वापरल्यावर

क्लायंटच्या सर्व्हरवर जावा ११ जाऊन १७ आलं आणि आमचा बिल्ड (तो आम्ही अँट या जावाच्या बिल्ड टूलने करतो) पहिल्याच टार्गेटला, म्हणजे पायरीला, आडवा झाला. कोडची एक ओळ बदललेली नव्हती. एररचा मतलब एवढाच, की जावास्क्रिप्टसाठी इंजिन मिळत नाही.

स्क्रिप्टडेफ, म्हणजे अँटच्या बिल्ड फाइलीतच स्क्रिप्ट लिहून नवं टास्क बनवायची सोय, वापरणाऱ्यांच्या लगेच लक्षात येईल. जेडीकेसोबत (जावाच्या डेव्हलपमेंट किटसोबत) येणारं नॅशॉर्न हे जावास्क्रिप्ट इंजिन जावा १५ मध्ये काढून टाकलं. ११ वर असताना 'हे पुढे काढणार आहोत' अशी वॉर्निंग दर बिल्डला यायची. ती वाचूनही मी काही केलं नाही, ही चूक माझीच.

आमचं काम छोटं. सॉफ्टवेअर पतसंस्थांसाठी आहे, स्क्रीन मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. स्क्रीनवरचे शब्द प्रॉपर्टीज फाइलींत असतात, प्रत्येक शब्दाला एक की, म्हणजे ओळखीचं नाव. मराठी फाइलीत एखादी की राहिली तर जावा गुपचूप मूळ फाइलीतला इंग्रजी शब्द दाखवतो, एररबिरर काही नाही. म्हणून दोन्ही फाइलींतल्या की ताडून बघणारं, काही राहिलं असेल तर बिल्ड पाडणारं टास्क मी जावास्क्रिप्टमध्ये लिहिलं. चाळीसेक ओळी, थेट बिल्ड फाइलीत. जावात लिहायचं तर वेगळा क्लास, आधी तो कंपाइल करा, जार (जावाची पॅकेज फाइल) करा, मग टास्कडेफने अँटला तो क्लास ओळखून द्या. दोन माणसांच्या ऑफिसात एवढा वेळ कोणाकडे आहे? दुसऱ्याच महिन्यात या टास्कने 'पावती रद्द करा'ची की राहिलेली पकडली. कॅशियरसमोर ते बटण इंग्रजीत गेलं असतं.

आता माझं खरं दुखणं. टास्कला मी एक अ‍ॅट्रिब्यूट दिलं होतं, सोर्सडिर, मधला डी कॅपिटल. स्क्रिप्टमध्येही हुबेहूब तसंच लिहून किंमत मागितली. मिळालं नल, म्हणजे काहीच नाही. अँट अ‍ॅट्रिब्यूटची सगळी नावं लहान अक्षरांत करून ठेवतं, त्यामुळे मागतानाही लहान अक्षरांतच मागावं लागतं. मॅन्युअलमध्ये तशी नोंद आहे, मान्य. पण चुकीचं नाव मागितलं तर निदान ओरडावं की नाही? शिवाय स्क्रिप्टडेफमध्ये अ‍ॅट्रिब्यूट सक्तीचं करायची सोयच नाही. माझ्या स्क्रिप्टने त्या नलला पुढचा पाथ जोडला, 'नल' नावाच्या फोल्डरात फाइल शोधली, ती सापडली नाही म्हणून सोडून दिली. शून्य की तपासल्या, बिल्ड पास. तीन आठवडे आम्ही निर्धास्त होतो! शेवटी पाथ लॉगमध्ये छापला तेव्हा उलगडा झाला. आता माझ्या प्रत्येक स्क्रिप्टची पहिली ओळ ठरलेली: नल असेल तर सेल्फ डॉट फेल, म्हणजे बिल्ड तिथेच पाड.

हे लिहायला घेतलं तेव्हा 'अँट सोडून सरळ ग्रेडल या दुसऱ्या बिल्ड टूलकडे जा' असं सांगणार होतो. दोन रविवार घालवून वेगळ्या ब्रँचवर करूनही पाहिलं. टास्कचे इनपुट-आउटपुट एकदा सांगितले की काही बदललेलं नसताना ग्रेडल ते टास्क आपणहून टाळतं, हे मला फार आवडलं. अँटमध्ये ती तपासणी आपणच लिहायची. पण बाकीची साठ-सत्तर टार्गेटं हलवायची म्हणजे महिनाभराचं काम, आणि त्याचे पैसे क्लायंट देणार नाही.

मग नॅशॉर्न स्वतंत्र जार म्हणून घेतलं. ते जावा ११ आणि पुढे चालतं, फुकट आहे. सोबत एएसएम या जावा लायब्ररीच्या जार लागतात, त्या विसरू नका. सगळ्या एका फोल्डरात टाकून अँट चालवताना तो फोल्डर लिब ऑप्शनने दिला. तासाभरात बिल्ड हिरवा. फक्त नव्या मशीनवर तो ऑप्शन द्यायला कोणी विसरलं की तोच एरर परत, म्हणून बिल्ड चालवायची छोटी शेल स्क्रिप्ट करून दिली.

नवीन टास्क मात्र मी आता जावास्क्रिप्टऐवजी ग्रूव्ही या जावावर चालणाऱ्या भाषेत लिहितो. जावाच्या फाइली, मॅप, स्ट्रिंग हाताळायला ते जास्त सरळ पडतं. सगळ्या जार व्हर्जनसकट रिपॉझिटरीत चेक-इन आहेत. जुन्या चाळीस ओळी तशाच ठेवल्यात, त्या चालतायत.