दूरशिक्षणातलं एम.ए. (आधुनिक इतिहास): वसुलीवाल्याचा अनुभव, पाचपैकी साडेतीन

मी बारामतीत एका पतसंस्थेत वसुलीला आहे. वय 44. बी.ए. झालो 2002 साली, त्यानंतर वही उघडली ती फक्त खतावणीची. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी सायबर कॅफेत बसलो होतो, सर्व्हर बंद पडला, आणि तेवढ्या वेळात दूरशिक्षणाची जाहिरात बघून माझाच फॉर्म भरून आलो. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, याने पगार वाढतो का?" नाही वाढत. पगारवाढीसाठी करायचं असेल तर इथेच थांबा.

विद्यापीठाचं आणि अभ्यासकेंद्राचं नाव देत नाही. मूळ पदवी प्रमाणपत्र अजून हातात यायचंय.

चार सेमिस्टरची फी, परीक्षा फी, झेरॉक्स आणि पुण्या-मुंबईच्या खेपा धरून मला साधारण तीस हजार लागले. पहिल्या सेमिस्टरची पुस्तकं परीक्षेच्या सतरा दिवस आधी आली. संपर्कसत्रं रविवारी, बारापैकी चार वेळा सर आलेच नाहीत, आणि एकदा आले ते दुसऱ्याच विषयाचे होते. त्यांनी तरीही दोन तास शिकवलं. पहिलं महायुद्ध मला आजही त्यांच्यामुळेच येतं.

छापील पुस्तकांबद्दल एकच तक्रार, पण ती मोठी आहे. मराठी असं आहे की वाक्य संपेपर्यंत कर्ता हरवतो. 'सबाल्टर्न'ला, म्हणजे सत्तेच्या उतरंडीत तळाला असलेल्या लोकांना, घटक 3 मध्ये 'वंचित', घटक 5 मध्ये 'निम्नजन', आणि प्रश्नसंचात नुसतंच 'दुय्यम'. मी बरेच दिवस ही तीन वेगळी माणसं समजत होतो. स्वाध्याय सगळे एकाच झेरॉक्सवाल्याकडून घेतात, फक्त पहिलं पान बदलतात. मीही एक घेतला. खोटं कशाला बोलू.

एवढं असूनही साडेतीन तारे का, तर चौथ्या सेमिस्टरच्या लघुप्रबंधासाठी.

विषय मॅडमनी दिला. मार्गदर्शक म्हणून जवळच्याच एका कॉलेजच्या मॅडम मिळाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही कर्जवसुलीत आहात ना? मग 1875 चे दख्खनचे दंगे घ्या." मला वाटलं टोमणा आहे. पण 12 मे 1875 ला पहिला भडका उडाला तो सुप्यात, म्हणजे माझ्याच वसुलीच्या रूटवर. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होतं, आता बारामती तालुक्यात आहे. बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतले कुणबी जमले, सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि त्यांनी मागितली ती खतं, म्हणजे कर्जाचे रोखे, आणि चोपड्या. माणसांना फारसा हात लावला नाही. कागद जाळले. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं.

दंग्यांची कारणं पुस्तकात पाऊण पानात उरकली आहेत. 1861 ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, इंग्लंडला तिकडचा कापूस मिळेना, इथल्या कापसाला भाव आला, सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. 1865 ला युद्ध संपलं, भाव कोसळला, सावकाराने हात आखडला. त्यातच तीस वर्षांची जुनी जमाबंदी संपून 1867 पासून शेतसारा वाढायला लागला होता. हे सगळं परीक्षेत लिहून मार्क मिळतात.

खरी गंमत मला कळली ती एका तांत्रिक गोष्टीत. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने खत तीन वर्षांनी कालबाह्य व्हायचं. कल्पना अशी की व्याज साचू नये. सावकाराने काय केलं? तिसरं वर्ष संपायच्या आत नवं खत लिहून घेतलं. थकलेलं मुद्दल अधिक थकलेलं व्याज, हे सगळं नव्या खतात मुद्दल झालं आणि त्यावर पुन्हा व्याज सुरू. हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं आणि हसत सुटलो. याला आमच्या ऑफिसात 'नवं-जुनं' म्हणतात. मार्चअखेरीला एनपीए (थकीत कर्ज) दिसू नये म्हणून आम्ही नवं-जुनं करतो, शेतकरीही खुशीने करतो, कारण त्याला वाटतं कर्ज फिटलं. हा धडा मला कुणी शिकवायची गरज नव्हती, आणि माझ्या बॅचमध्ये मी एकटाच असा होतो.

दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला, त्याचा अहवाल 1878 ला ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. त्यात एक उदाहरण आहे: 100 रुपये कर्जावर 2,000 रुपयांहून जास्त व्याज. दामदुपटीचा जुना रिवाज सांगतो की व्याज मुद्दलाच्या वर जायचं नाही. पण दर तीन वर्षांनी मुद्दलच नवं जन्माला घातलं तर दामदुपट मोजायची कुठून? मी कॅल्क्युलेटर घेऊन हे लावून बघितलं, तीन तक्ते केले. मॅडम म्हणाल्या, असा तक्ता आधी कुणी जोडला नव्हता. निदान त्यांच्याकडे तरी.

मग इतिहासलेखनशास्त्राचा पेपर, ज्यात मला 41 मार्क होते, तो अचानक उपयोगी पडला. त्यात सांगतात की कागद कुणी, कुणासाठी लिहिला ते आधी बघा. आयोगाचा निष्कर्ष काय? दोष सावकाराचा, सरकारच्या साऱ्याचा नाही. आमच्या थकबाकी रिपोर्टातही कारणाचा रकाना असतो. त्यात मी गेली अकरा वर्षं 'कर्जदाराची उदासीनता' असं लिहीत आलोय. 'संस्थेने तारण न बघता कर्ज दिले' असं एकदाही लिहिलेलं नाही.

साधनांचं म्हणाल तर मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे दोन दिवस काढले. मार्गदर्शकांचं पत्र आणि ओळखपत्र बरोबर ठेवा, आणि आपल्याला काय बघायचंय ते घरून ठरवून जा, नाहीतर पहिला दिवस याद्या वाचण्यातच जातो. पुणे जिल्ह्याचं 1885 चं जुनं गॅझेटिअर ऑनलाइन मिळतं, ते मी मोबाइलवर एसटीत वाचलं.

पण खतं मोडीत. आणि आमच्या अभ्यासक्रमात मोडीचं एक पानही नाही! आधुनिक महाराष्ट्र शिकवायचा आणि मोडी नाही, म्हणजे वसुलीला पाठवायचं आणि खातं दाखवायचं नाही. मी बाहेर दहा दिवसांचा वर्ग लावला. एवढ्यात मोडी येत नाही. तारीख, आकडे आणि 'कर्ज रोखा' एवढं ओळखू येतं. अर्धा तारा याचाच कापलाय.

सुप्यालाही गेलो, मुद्दाम बाजाराच्या दिवशी, वही-पेन घेऊन. म्हाताऱ्या माणसांना विचारावं, काही ऐकीव असेल तर टिपावं, म्हणून. चहाच्या टपरीवर टेकतोय तोवर आमचा एक खातेदार मला बघून भाजीची पिशवी तशीच ठेवून मागच्या बोळातून गेला. मी ओरडलो, "ओ मामा, अभ्यासाला आलोय, अभ्यासाला!" त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्या एका आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ती खतं जाळल्यावर कर्ज माफ झालं का?" नाही झालं. 1879 ला कायदा आला, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं, कोर्टाला खतामागचा जुना हिशोब उकरायची मुभा मिळाली. आजोबा म्हणाले, "म्हणजे माफ नाहीच झालं."

लघुप्रबंध 84 पानांचा झाला. बाइंडिंग पुण्यात करा, आमच्याकडे सोनेरी अक्षरं दोन दिवसांत उडतात.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी तक्ते उलटसुलट बघितले आणि विचारलं, "त्या दिवशी सुप्याच्या बाजारात तुम्ही असता, तर कुणाच्या बाजूने असता?" मी म्हणालो, "सर, मार्च चालू आहे. माझ्या बॅगेत आत्ता बारा नोटिसा आहेत." ते खूप हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांच्या भावाचं ट्रॅक्टरचं कर्ज आमच्याकडेच आहे.