हीटिंग बॉयलर अकरा महिने वापरल्यावर: बोर्ड बदलण्याआधी न्यूट्रल बघा

हा बॉयलर घरात लागून अकरा महिने झाले, एक अख्खा हिवाळा त्याच्यावर काढला. लावल्या लावल्या दोन आठवड्यांत लिहायचं ठरवलं होतं पण बरं झालं थांबले, कारण तेव्हा लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं आणि जानेवारीत लिहिलं असतं तर फक्त शिव्या, आणि दोन्ही चुकीचं ठरलं असतं. कंपनीचं नाव देत नाही, कारण जो मोठा त्रास झाला त्यात मशीनचा दोष नव्हताच हे आता मला पक्कं माहीत आहे.

आधी मशीनबद्दल थोडक्यात. भिंतीवरचा गॅसचा कंडेन्सिंग कॉम्बी आहे, म्हणजे रेडिएटरही तोच तापवतो आणि नळाचं गरम पाणीही तोच देतो, वेगळी टाकी नाही. आवाज कमी. प्रेशर थंड असताना सव्वा बारच्या आसपास ठेवलंय, वर्षभरात दोनदाच पाणी भरावं लागलं. एक गोष्ट लवकर कळली तर गॅस वाचतो: रेडिएटरकडून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच धुरातली वाफ पाणी होते आणि तिच्यातली उष्णता आपल्याला मिळते, म्हणून आम्ही फ्लो, म्हणजे रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान, ७५ वरून ६० अंशांवर आणला, खोल्या थोड्या उशिरा तापतात पण दिवसभर ऊब एकसारखी राहते. बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना ही संथ ऊब फार मानवली.

आता मुद्द्याचं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गरम पाण्याचा नळ सोडला की बॉयलरचा डिस्प्ले विझायला लागला. दोन-तीन सेकंद काळा, मग परत उजळणार, सॉफ्टवेअरचा नंबर दाखवणार, म्हणजे मशीन शून्यापासून सुरू, परत पंप फिरायला लागला की परत अंधार. असं तीन-चारदा झालं की कधी सुरळीत चालायचा, कधी ज्योत न मिळाल्याचा कोड देऊन लॉक व्हायचा. आणि गंमत नाही, बाहेर कडाक्याची थंडी आणि घरात बाबा दोन स्वेटर घालून बसलेले, "अगं, परत विझला बघ तो" अशी त्यांची हाक आली की माझ्या पोटात गोळाच यायचा.

सर्व्हिसचा माणूस आला. त्याने स्विचबॉक्समध्ये टेस्टर लावला, दिवा लागला. मीटर लावला, २३१ व्होल्ट. म्हणाला सप्लाय एकदम ओके आहे ताई, बोर्ड (बॉयलरच्या आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट) गेलाय. बोर्ड बदलला, बॉयलर चालू झाला, आम्ही सुटलो असं वाटलं, आणि तीन दिवसांनी तेच. मग म्हणाला नवीन बोर्डही खराब आला असेल, किंवा पंप शॉर्ट असेल, पंप बदलून बघू. तिथे मी थांबवलं. वॉरंटीत पंप आणि बोर्ड असले तरी येण्याचे आणि लावण्याचे पैसे माझेच जात होते, आणि मुख्य म्हणजे दोन वेगळ्या बोर्डांना अगदी हुबेहूब एकच आजार व्हावा हे मनाला पटेना.

मी दोन दिवस वही घेऊन बसले. कधी विझतो, काय चालू असताना, किती वेळाने. त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसली: नुसता उभा असताना, म्हणजे फक्त डिस्प्ले चालू असताना, तो रात्रभर एकदाही विझला नाही. विझायचा तो दरवेळी पंप किंवा पंखा सुरू होताना. बाबांनी अजून एक सांगितलं जे माझ्या लक्षात आलं नव्हतं, की पंप पूर्वी सुळकन फिरायचा आणि आता सुरुवातीला अडखळतो, दम लागल्यासारखा आवाज येतो. म्हणजे भार आला की वीज कमी पडतेय. हे लिहिलं तेव्हाच मला बोर्डावरचा संशय सोडून द्यावासा वाटला.

इथे एक गोष्ट सांगते जी मॅन्युअलमध्ये कुठेच नाही. ज्योत नाही, प्रेशर नाही, सेन्सर तुटला, या सगळ्याला कोड आहेत. वीजच कमी पडली याला आमच्या बॉयलरमध्ये कोड नाही, कारण कोड दाखवणारा बोर्डच त्या क्षणी बेशुद्ध पडतो. जागा झाला की त्याला काही आठवत नाही. म्हणून डिस्प्ले पूर्ण काळा होऊन परत पहिल्यापासून सुरू होत असेल तर कोडांच्या यादीत उत्तर शोधत बसू नका, आधी सप्लायकडे जा.

आमच्या ओळखीचे एक वायरमन काका आहेत, रीतसर लायसन्सवाले, त्यांना बोलावलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, मीटर लावला तेव्हा बॉयलर चालू होता का बंद?" बंद होता. झालं, तिथेच अर्धं उत्तर मिळालं. टेस्टर फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी तार, आहे एवढंच सांगतो, न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटलेला असला तरी टेस्टरचा दिवा लागणारच. आणि डिजिटल मीटर स्वतः इतका कमी करंट घेतो, त्याचा आतला रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) साधारण १० मेगओहम असतो, की न्यूट्रल एका केसाएवढ्या तारेवर लटकत असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. खोटं बोलत नाही तो, पण आपण विचारलेला प्रश्नच अपुरा असतो.

मग काकांनी बॉयलर चालू असताना मोजलं, मी नळ सोडायचे आणि आकडे वहीत लिहायचे. आकडे तसेच देते, कुणाच्या तरी उपयोगी पडतील. बॉयलर बंद, फेज ते न्यूट्रल २३१. नुसता डिस्प्ले चालू, २२६. पंप फिरायला लागला की १६० च्या आसपास, पंखा लागला की अजून खाली घसरलं आणि बोर्ड विझला, विझल्यावर भार गेला म्हणून लगेच परत २२६. आता खरी मजेची मोजमापं पुढची आहेत. फेज ते अर्थ (अर्थिंगची तार) पूर्ण वेळ २३१, जराही हललं नाही, म्हणजे फेजच्या बाजूला सगळं ठीक. आणि न्यूट्रल ते अर्थ, जे एखाद-दोन व्होल्ट असायला हवं, ते पंप फिरताना ७० च्या आसपास गेलं. म्हणजे जे व्होल्टेज बॉयलरला मिळत नव्हतं ते न्यूट्रलच्या वाटेत कुठेतरी अडकून पडत होतं. हरवलेले सत्तर व्होल्ट डोळ्यांसमोर सापडले, मला अक्षरशः आनंदाने ओरडावंसं वाटलं.

काकांनी खात्रीसाठी त्यांचा जुना टेस्टिंग बल्ब काढला, होल्डरला दोन वायरी, आत ६० वॅटचा तारेचा बल्ब. बॉयलरकडे जाणाऱ्या टर्मिनलवर फेज-न्यूट्रलमध्ये लावला तर लालसर मिणमिणता. मेन बोर्डावर तोच बल्ब लख्ख. एवढं स्वस्त साधन आणि इतकं स्पष्ट उत्तर. फक्त हा बल्ब फेज आणि अर्थच्या मध्ये लावायचा नाही, ६० वॅटचा बल्ब पाव अँपिअर घेतो आणि आरसीसीबी (वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच) बहुतेक घरांत ३० मिलिअँपिअरचा असतो, तो धाडकन पडतो, आणि अर्थिंगच खराब असेल तर अर्थला जोडलेल्या सगळ्या धातूवर वीज येऊ शकते.

मग मेन बंद केली, बंद आहे हे मीटरने तपासलं, आणि मीटर स्वतः चालतोय हे त्याच्या आधी आणि नंतर एका चालू सॉकेटवर तपासलं. हा शेवटचा भाग बरेच जण गाळतात, गाळू नका, बंद पडलेला मीटरसुद्धा शून्यच दाखवतो. बॉयलरसाठीचा फ्युजवाला स्विच उघडला. न्यूट्रलचा स्क्रू अर्धा वायरच्या प्लॅस्टिकवर आवळलेला, आत तांब्याच्या चार-पाच तारा कशाबशा टेकलेल्या, टर्मिनल तपकिरी झालेलं, प्लॅस्टिक वितळून कडक झालेलं, जळका वास. बॉयलर लावतानाच ते तसं आवळलं गेलं होतं. सुरुवातीला चाललं, मग तापणं-गार होणं यात संपर्क ढिला होत गेला, कार्बन धरला, रेझिस्टन्स वाढला, त्यामुळे अजून तापलं. आणि बोर्ड बदलताना त्या माणसाने स्विच बंद-चालू केला, वायर हलवली, तेव्हा तारा तात्पुरत्या नीट टेकल्या असणार, म्हणून ते तीन दिवस सुखाचे गेले. नवीन बोर्डाचा त्यात काही संबंध नव्हता.

हे फक्त गैरसोयीचं प्रकरण नव्हतं हे मला त्या जळक्या टर्मिनलकडे बघून कळलं. त्या एवढ्याशा सांध्यात दहा-बारा वॅट उष्णता निघत होती, बंद डब्यात, लाकडी कपाटाच्या पाठीला. फ्युज त्याला कधीच उडणार नव्हता, कारण करंट जास्त नव्हताच, उलट कमी होता. एमसीबीलाही (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) ते दिसत नाही. रात्री सगळे झोपलेले असताना हे चालू होतं या विचाराने मी अजून अस्वस्थ होते.

काकांनी स्विच नवीन टाकला, वायर मागे कापून चांगलं तांबं काढलं, टोकाला लग (धातूची टोपी) दाबून लावली, स्क्रू आवळून वायर ओढून बघितली. पंप आणि पंखा चालू असताना फेज-न्यूट्रल २३०. पंपाचा अडखळणारा आवाज त्याच मिनिटाला गेला. बाबा नळाशी उभे होते, पाच मिनिटं नुसतं गरम पाणी हातावर घेत राहिले.

त्यानंतर आजपर्यंत एकदाही रीसेट नाही. जुना बोर्ड सर्व्हिसवाला घेऊन गेला होता, तो चांगलाच असणार, लावण्याचे पैसे मात्र परत मिळाले नाहीत. मी आकड्यांचं पान त्यांना पाठवलं, उत्तर आलं नाही.

अजून एक सप्लायचीच तऱ्हा, थोडक्यात. मार्चमध्ये लाईट गेली तेव्हा बॉयलर इन्व्हर्टरवर घेतला, तर ज्योत लागलेली बॉयलरच्या छोट्या खिडकीतून दिसतेय आणि मशीन म्हणतंय ज्योत नाही, लॉक. बॉयलर ज्योत ओळखतो ती तिच्यातून अर्थकडे जाणाऱ्या काही मायक्रोअँपिअरच्या करंटवरून, आणि आमच्या इन्व्हर्टरमध्ये न्यूट्रल अर्थशी जोडलेलाच नव्हता, तरंगत होता, त्यामुळे तो करंट फिरून यायला वाटच नव्हती. काही मॉडेलांत फेज-न्यूट्रल उलटे जोडले गेले तरी हेच होतं. हे जोडणं घरी करून बघायचं काम नाही, काकांनीच इन्व्हर्टरच्या बाजूने ते नीट करून दिलं, तेव्हापासून त्याच्यावरही चालतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या, स्क्वेअर वेव्हवर आमचा पंप गुरगुरायचा.

आणि कृपया बॉयलरचं पुढचं सीलबंद कव्हर स्वतः उघडू नका, तिथे गॅस आणि धुराची वाट आहे, आणि बोर्डावरचे कपॅसिटर बंद केल्यावरही थोडा वेळ भरलेले असतात. वर लिहिलेलं सगळं बाहेरच्या स्विचवर कळतं. तिथेही चालू लाइनवर मोजणं जाणकार माणसाकडूनच करून घ्या, मीटर आणि त्याच्या वायरी कॅट थ्री या सुरक्षा दर्जाच्या असाव्यात. आपण करायचं ते एवढंच, की बोर्ड गेला असं कुणी म्हणालं की विचारायचं: पंप चालू असताना किती व्होल्ट आले, आणि तेव्हा न्यूट्रल ते अर्थ किती?

मशीनला पाचापैकी साडेचार द्यायला हरकत नाही, अर्धा गुण मॅन्युअलचा कापते. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, थंडी सुरू होण्याआधी काका येऊन मोजून जातात. कालची नोंद: रिकामं २३२, पंप-पंखा चालू २३१, न्यूट्रल-अर्थ एक व्होल्टच्या आत.