स्लॅग सिमेंट: किनाऱ्यावरच्या घरासाठी उत्तम, घाईच्या कामासाठी नव्हे

रत्नागिरीजवळ समुद्रालगत बांधलेल्या आमच्या घराचा पाया, कॉलम आणि स्लॅब यांसाठी आम्ही पोर्टलँड स्लॅग सिमेंट वापरले. पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीतून निघणारी वितळलेली धातुमळी, म्हणजेच स्लॅग, पाण्याने झटकन थंड केली की तिचे वाळूसारखे कण होतात. ते क्लिंकर (भट्टीत भाजून तयार झालेले सिमेंटचे मूळ खडे) व जिप्समसह दळले जातात आणि आयएस ४५५ या भारतीय मानकानुसार सिमेंटमध्ये स्लॅगचे प्रमाण २५ ते ७० टक्के असू शकते. खाऱ्या हवेने सळया गंजून स्लॅबचे पापुद्रे सुटणे हे कोकणात घरोघरीचे दुखणे आहे. या सिमेंटच्या घट्ट काँक्रीटमध्ये क्षार सावकाश शिरतात, म्हणूनच आम्ही ते निवडले. अर्थात सळईवरचे कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, पुरेसे नसेल तर कोणतेही सिमेंट तारणार नाही. चाचणीसाठी फोडलेला काँक्रीटचा ठोकळा (क्यूब) आतून निळसर हिरवा दिसला, तेव्हा गवंडी भेसळीच्या शंकेने चपापले; पण तो रंग स्लॅगचाच असतो आणि हवा लागल्यावर उडतो.

खरी अडचण सुरुवातीच्या मंद मजबुतीची आहे. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी मारावे लागते, तर याला किमान १० आणि कोरड्या उन्हाळ्यात १४ दिवस. सेंट्रिंग (ओल्या काँक्रीटचा तात्पुरता आधार) लवकर सोडवण्याची ठेकेदाराची घाई आम्हाला ठामपणे थोपवावी लागली. गिलावा मात्र गुळगुळीत बसला. खरेदी करताना गोणीवरील मानक क्रमांक आणि उत्पादनाचा आठवडा अवश्य पाहावा, विशेषतः पावसाळ्यात.